पोरगी रोज वाडीत जाते

कुंताबाई फाटकाशी टोपली उतरवते तेव्हा सगळ्यात आधी सांबार वर काढते. कोथिंबिरीला आमच्या पुलगावात सांबारच म्हणतात. जुडी एकदा झटकते, पाण्याचे थेंब पायरीवर उडतात आणि मग म्हणते, "घ्या बाई, आत्ताच तोडला." माझे यजमान होते तेव्हा व्हरांड्यात पेपर वाचता वाचता तिला चिडवत, "कुंताबाई, माती देवाची, पाणी नदीचं, मग पैसे कशाचे घेतेस?" ती टोपली डोक्यावर चढवत म्हणे, "पाठीचे जी."

एवढी एक थट्टा सोडली तर ती फार बोलणारी बाई नव्हे. भित्री आहे, आणि ते तिला स्वतःला ठाऊक आहे. रेल्वेचं फाटक उघडं असलं तरी पदर खोचून ती धावतच रूळ ओलांडते. फोन वाजला की आधी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात देते. नवरा खुशाल काही वाईट माणूस नाही, पिणारा नाही, मारणारा नाही, पण तो गप्प बसला की हिला भीती वाटते. "त्याईचं बोलनं परवडते बाई, गप्प राह्यनं नाई परवडत," असं ती एकदा म्हणाली होती. वर्धा नदीच्या काठाला त्यांची भाजीची वाडी आहे आणि वाडीला लागूनच घर. कारल्याचा मांडव, वांगी, पालक, मेथी आणि विहिरीजवळ सांबाराचे वाफे. मुलगा शुभम माल बाजारात नेतो. सकाळी सांबार तोडून देणारी मुलगी अंकिता बारावीनंतर पोलीस भरतीच्या मागे लागली.

अंकिता लेखी परीक्षेच्या तयारीला माझ्याकडे येई. मला "आजी" म्हणे. बोलायला आईच्या अगदी उलट. तिच्या बापाने एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवली होती. या भरतीत झालं तर ठीक, नाहीतर आर्वीकडचं एक स्थळ आहे, घरचा ट्रॅक्टर आहे, मग लग्न. तेव्हा भरतीच्या मैदानी चाचणीवर पोरीचं सगळं टांगलेलं होतं. धावण्यात ती चांगली होती, आठशे मीटरमध्ये तिच्या बरोबरीच्या मुली मागे पडत. पण चार किलोचा गोळा काही केल्या लांब जाईना. मैदानावर शिकवणारे सर म्हणाले, "हातात जोर नाही. अंगावर मांस चढव. पण नुसती चरबी चढली तर आठशेला मार खाशील."

मांस चढवायचं पण चरबी नाही, हे कसं जमवायचं ते सरांनी सांगितलं नाही. ते मोबाइलवरच्या एका पिळदार दंडाच्या माणसाने सांगितलं. भाकर बंद, भात बंद, गूळ-तेल बंद. अंड्याचा पांढरा भाग, उकडलेले मूग आणि पाण्यात ढवळून प्यायची पावडर. शुभमने पावडरीचा डबा वर्ध्याहून आणून दिला. पहाटे धावणं, संध्याकाळी सिमेंट भरलेले तेलाचे डबे उचलणं. अंड्यातला पिवळा बलक ती वाडीतल्या कुत्र्याला घाली.

कुंताबाईची ताकदीची समजूत वेगळीच होती. तिच्या लेखी ताकद म्हणजे तूप, गूळ आणि डिंक. रोज ताटावरून दोघींचं वाजे.

"अवं, भाकर तं खाय उलीशी."

"माय, भाकरीनं चरबी होते."

"मंग तुया आजानं जनमभर भाकरच खाल्ली, त्याले कुठं होती चरबी?"

"आजा काय गोळा फेके?"

पहिला महिना-दीड महिना पोरीचे दंड खरंच घट्ट झाले. ती बाही वर करून मला दाखवी आणि मी कौतुक करी. मग गाल बसले. दिवाळीनंतर ती भर उन्हात स्वेटर घालून यायला लागली. वेणी बोटाएवढी बारीक राहिली. मी म्हटलं, "अंकिता, वाळलीस ग." तर हसून म्हणाली, "आजी, याले वाळनं नाई म्हनत, कटिंग म्हनतेत." मला कटिंग म्हणजे अर्धा कप चहा एवढंच माहीत.

थंडी पडली होती तेव्हाची गोष्ट. कुंताबाई आली, टोपली उतरवली, पण सांबार वर काढला नाही. उभीच राहिली.

"बाई, आत येऊ का?"

इतक्या वर्षांत ती व्हरांड्याच्या आत आली नव्हती. मी तिला स्वयंपाकघरात नेलं. ती पाटावर न बसता दाराला टेकून खाली बसली.

"एखादी डागदरीनबाई वळखीची हाय का तुमच्या? इथची नको. दूरची."

"कुणाला बरं नाही? खुशालला काही झालं का?"

"पोरगी रोज वाडीत जाते," ती म्हणाली.

"मग? चांगलंच आहे की. मदत होते तुला."

"रोज जाते बाई. रोज. दिवाळी झाल्यापासून एकबी खाडा नाई."

मला उमगायला थोडा वेळ लागला. उमगलं तेव्हा मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

त्यांच्या घरात रीत अशी, की बाईचे ते चार दिवस असतील तेव्हा तिने वाडीत पाऊल टाकायचं नाही. सावली पडली तरी वेल करपतो, सांबार पिवळा पडतो, असं कुंताबाईला तिच्या सासूने सांगितलेलं आणि सासूला तिच्या सासूने. त्या चार दिवसांत बाईने घराच्या ओसरीवर बसायचं. अंकिताचं शाळेपासून यावरून भांडण. "पुलिसमंदी काय चार दिवस सुटी देतेत? चोराले काय म्हनू, पाच तारखेले ये?" आई ऐकायची नाही. एरवी सगळ्यांना भिणारी कुंताबाई या एका बाबतीत हटत नसे. त्यामुळे घरात तारखा कुणी लिहून ठेवत नसलं तरी मुलीचा महिना आईला बिनचूक कळे. ती ओसरीवर दिसली की झालं.

आणि आता ती ओसरीवर बसतच नव्हती.

"मले वाटलं, लपवून राह्यली. रीत मोडाची म्हनून," कुंताबाई म्हणाली. "मी सांबाराचा वाफा पाहे रोज. पिवळा पडते का म्हनून. नाई पडला. मंग विचारलं तिले. तं हासून म्हने, आलीच नाई तं काय बसू? बरं झालं माय, कटकट गेली." तिने पदर तोंडावर धरला. "बरं झालं म्हने बाई. हासून म्हने."

मी विचारलं, "तुला कुणाचा संशय आहे?"

"त्या मैदानावर तो सर हाय ना. खांदा धरून शिकवते. म्या पाह्यलं हाय." मग लगेच, "नाई जी, त्याचं नाव नाई घेत मी. देवा, कोनाचंच नाई घेत. पन मंदाचंबी असंच झालतं."

मंदाबाई तिची मोठी बहीण. तिच्याबद्दल मी पूर्वी एवढंच ऐकलं होतं की ती तळेगावला दिली आहे. त्या दिवशी कुंताबाईने बाकीचं सांगितलं. त्या वर्षी त्यांची आई अंथरुणाला होती. मंदा सोळा-सतरा वर्षांची. दिवसभर कापूस वेचायला जायची, घरी येऊन सगळ्यांचं करायची आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलं तर खायची. तिची पाळी थांबली. आईच्या लक्षात आलं, आईने बापाला सांगितलं. मंदाला कुणी काहीच विचारलं नाही. पंधरा दिवसांच्या आत तळेगावच्या एका बिजवराशी तिचं लग्न लावून दिलं. नवरा बापाच्या वयाचा.

"आणि मूल?" मी विचारलं.

"कुठचं मूल? आजवर नाई झालं."

"मग ते..."

"लोक म्हनाले, पडलं असन." तिने माझ्याकडे बघितलं. "खुशालजीले कळलं ना बाई, तं ते बोलनार नाई. आर्वीच्या मान्साले फोन लावतीन. बस. पोरगी गेली मंग."

आता मलाही भीती वाटायला लागली. मी मिशनच्या शाळेत शिकलेली, सिस्टरांच्या धाकात वाढलेली बाई. रीतीभातींना हसणारी. पण त्या दुपारी अंकिता पुस्तक घेऊन आली तेव्हा माझी नजर आधी तिच्या स्वेटरच्या खालच्या काठावर गेली, हे मी नाकारत नाही. तिने पाहिलं की नाही कोण जाणे. ती सामान्यज्ञानाचे प्रश्न सोडवत होती आणि पेन धरलेली बोटं निळसर दिसत होती.

माझ्या भाचीच्या ओळखीच्या एक डॉक्टरीणबाई वर्ध्याला होत्या. मी फोन करून वेळ घेतली. खुशालला सांगायचं काय? मीच त्याला म्हटलं, मला डोळे दाखवायला वर्ध्याला जायचं आहे, सोबतीला या दोघी येऊ देत. तो मांडवाची तार ओढत होता. मान वळवून म्हणाला, "जा ना जी. येजा लवकर." तेवढ्यानेही कुंताबाईचा चेहरा पांढरा पडला. अंकिताला आम्ही अशक्तपणासाठी जातोय एवढंच सांगितलं. ती एसटीत खिडकीशी बसून सारखी पाय हलवत होती. "आजी, आज माया पायाचा दिवस बुडला," म्हणाली. पायाचा म्हणजे पायाच्या व्यायामाचा.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी वय विचारलं, लग्न झालंय का विचारलं, पाळीचं विचारलं. अंकिताने सरळ सांगून टाकलं, "दिवाळीच्या आधी आलती." मग त्या आमच्याकडे वळल्या. "तुम्ही दोघी बाहेर बसा."

बाहेर बाकावर आम्ही बसलो. कुंताबाईच्या मांडीवर रिकामी पिशवी होती. ती तिची घडी घाली, उलगडी, परत घाली. समोरच्या भिंतीवर बाळाचं हसरं चित्र होतं. ती त्याच्याकडे पाठ फिरवून बसली. मी तिच्या हातावर हात ठेवला तर तो बर्फासारखा. मला देव आठवला नाही. मला तळेगावच्या त्या न पाहिलेल्या मंदाबाईचं घर डोळ्यांसमोर यायला लागलं, तिथली चूल, तिथलं अंगण.

दार उघडलं. अंकिता हातात लघवीच्या तपासणीची प्लास्टिकची लहानशी डबी घेऊन बाहेर आली. डबी कशासाठी, ते तिला आत कळलं असावं. ती आईसमोर येऊन थांबली.

"माय, तुले असं वाटलं?"

कुंताबाई डबीकडे बघत राहिली.

"सांग ना. तुले असं वाटलं मायाबद्दल?"

"मले भेव वाटलं," कुंताबाई म्हणाली. इतकं हळू की मलाही जेमतेम ऐकू आलं.

पोरगी डबी घेऊन गेली. परत आली तेव्हा आमच्याकडे न बघता आत गेली. त्यानंतर किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. आतून बोलावलं तेव्हा कुंताबाई पिशवीचीच घडी घालत होती. मी तिला दंडाला धरून उठवलं.

"घाबरू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ती गरोदर नाही. तसं असण्याचा प्रश्नच नाही, ती सांगते ते खरं आहे. रक्ताच्या बाकीच्या तपासण्या करून घेऊ, पण कारण मला दिसतंय. हिचं पोट भरत नाहीये."

"आमच्या घरी खाले कमी नाई जी," कुंताबाई घाईघाईने म्हणाली.

"कमी नसेल. ती खात नाही." मग त्या अंकिताकडे वळल्या. "इतकं धावतेस, वजन उचलतेस आणि जेवतेस पाखराएवढं. मग शरीर काय करतं? जिथे काटकसर करता येईल तिथे करतं. पाळी थांबवतं. केस सोडून देतं. हातपाय गार ठेवतं. हाडंही झिजायला लागतात, ते तुला अजून कळलेलं नाही."

"पन मॅडम, मी प्रोटीन बराबर घेतो," अंकिता म्हणाली. आमच्याकडच्या मुली स्वतःबद्दल बोलताना असंच 'घेतो, जातो' म्हणतात.

"घेतेस ना. पण ते दंडाला लागतच नाही. तू चुलीत सागवान जाळते आहेस. जळणासाठी भाकर आहे, भात आहे. ते दिलं नाहीस तर शरीर तुझी महागाची पावडर जाळणार आणि ती संपली की दंडावरचं मांस जाळणार. गोळा लांब गेला का एवढ्यात?"

अंकिता खाली बघू लागली. "मांगं आला," ती पुटपुटली.

कुंताबाई पुढे सरकली. तिचा प्रश्न वेगळाच होता.

"पोट नाई भरलं तं बंद होते? कोनाचंबी?"

"हो. काबाडकष्ट खूप आणि खाणं कमी असेल तर होऊ शकतं."

"आंधीच्या काळातबी?"

"काळाचा काय संबंध?" डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता म्हणाल्या.

"मंग आमची मंदा..." ती म्हणाली आणि थांबली. डॉक्टरीणबाईंना मंदा कोण ते माहीत नव्हतं. त्या लिहीत राहिल्या. पण अंकिताने मान वळवून आईकडे पाहिलं. मावशीला मूल का नाही, हे तिने लहानपणी कितीदा तरी विचारलं होतं.

परतीच्या एसटीत अंकिता वेगळ्या बाकावर बसली. कुंताबाई रडली नाही. पिशवीची घडी घालून ती छातीशी धरून बसली होती.

घरी गेल्यावर भीती संपली असं वाटेल, पण तसं झालं नाही. आता भीती पोरीकडे गेली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं ते काही अवघड नव्हतं. दर जेवणात भाकर किंवा भात हवाच. पहाटे धावण्याआधी थोडं काहीतरी पोटात आणि धावून आल्यावर लगेच दूध, चणे असं काही. अंडं बलकासकट. वरण, मूग, दही असं एकेका वेळी थोडं थोडं, सगळं एकदम नाही. जवसाची चटणी, शेंगदाणे. पूर्वीपेक्षा जास्त खायचं, पण बेतानं जास्त, डोंगर नाही. आठवड्यात एक दिवस पूर्ण आराम. सोपं होतं, आणि तरी पहिल्या दिवशी भाकरीचा तुकडा मोडून त्या मुलीने तो दोनदा परत ताटात ठेवला. ते मी पाहिलं, कारण ती माझ्याच स्वयंपाकघरात बसली होती. घरी आईशी ती बोलत नव्हती.

"आजी, चाचनी जवळ आली. जाडी झाली तं आठशेले मरन मी."

"आणि न खाता पळालीस तर?"

"तरीबी मरन," ती म्हणाली आणि हसायच्या ऐवजी रडायला लागली.

कुंताबाईने दुसऱ्या टोकाची चूक केली. तिसऱ्याच दिवशी डिंकाच्या लाडवांचा डबा भरला, वरून तूप गळतंय असे लाडू. अंकिताने हातही लावला नाही. ते लाडू शुभमने संपवले आणि तोच फुगला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की नुसत्या वजनाकडे बघू नका, कंबर मोजा, दंड मोजा. घरात टेप नव्हता. कुंताबाईने पालकाच्या जुड्या बांधायची सुतळी घेतली, पोरीच्या कमरेभोवती धरून एक गाठ मारली, दुसऱ्या तुकड्याला दंडाची गाठ. पोरगी दगडासारखी उभी राहिली, पण उभी राहिली. दर रविवारी दोन्ही सुतळ्या काढायच्या. दंडाची सुतळी आखूड पडायला हवी, कमरेची पुरायला हवी. पहिला रविवार, दुसरा रविवार, काहीच हललं नाही. त्यानंतर दंडाची सुतळी नखभर आखूड पडली. कमरेचीही पडली.

आणि हेच नेमकं खुशालला दिसलं.

मी त्या संध्याकाळी अंकिताचं राहिलेलं पुस्तक द्यायला वाडीवर गेले होते. उन्हं कलली होती. अंकिता अंगणात बसून भात खात होती. खुशाल विहिरीवर हातपाय धुऊन आला. तो बराच वेळ तिच्याकडे बघत उभा राहिला. मग बायकोला म्हणाला,

"ही पोरगी आजकाल इतकी खाऊन काऊन राह्यली? पोट दिसून राह्यलं तिचं."

अंकिताचा घास हातात राहिला. शेजारच्या वावरातली एक बाई बांधावरून जात होती, ती थबकली, मग चालायला लागली. मला वाटलं, संपलं. कुंताबाईच्या हातात मेथीची जुडी होती. ती तिने टोपलीत ठेवली, परत उचलली, परत ठेवली. आता ही काहीतरी खोटं सांगेल, असं मला वाटलं. खोटं सांगितलं असतं तर मी तिला साथ दिली असती.

"तिची पाळी बंद हाय," ती म्हणाली. "दिवाळीपासून."

खुशाल गप्प झाला. तिला सगळ्यात जास्त भीती वाटते तसा.

"मी डागदरीनले दाखवलं. बाईचे डोये नोते दाखवाचे, पोरीले नेलतं. तिले काई झालं नाई. उपाशी पयली म्हनून झालं. मंदाचंबी तसंच झालतं. तिले कोनी विचारलं नाई, डागदरले नाई दाखवलं. माया बापानं गाडी जुपली आन् नेऊन देल्ली." तिने मेथीची जुडी पुन्हा उचलली. "तुमाले फोन लावाचा असन आर्वीले, तं लावा. पन आंधी पोरीले विचारा."

नदीकडून पंपाचा आवाज येत होता. खुशाल ओसरीच्या कडेला बसला. पायाच्या टाचेला चिखल राहिला होता, तो त्याने बोटाने काढला.

"मले काऊन नाई सांगतलं?"

"भेव लागे."

"कोनाचं?"

"तुमचंच."

तो उठून गोठ्यात गेला. कुंताबाई त्याच जागी उभी राहिली. मला निरोप द्यायचंही तिला सुचलं नाही. मी अंधार पडायच्या आत घरी आले आणि रात्रभर मला वाटत राहिलं, तो गोठ्यातून बाहेर आल्यावर काय झालं असेल.

सकाळी कुंताबाई नेहमीच्या वेळेला आली. मी फाटकाशीच उभी होते.

"काय म्हणाला?"

"काईच नाई म्हनले." तिने सांबार काढला, झटकला. "दूध काढून आनलं. म्हने, संध्याकायचं दूध विकू नको आता, घरी ठेव. आन् झोपले."

"आर्वीला फोन?"

"नाई लावला. लावतीन का, ते नाई मालूम."

यापुढचे आठवडे वाट बघण्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की वेळ लागेल, महिने लागतील. पण शेजारच्या बांधावरून बायका बघायच्या आणि कुंताबाई त्यांच्या नजरा मोजायची. खुशाल दूध काढून ओसरीवर आणून ठेवी आणि काही न बोलता निघून जाई. अंकिता ते पिई. आठशे मीटरचा वेळ थोडा बिघडला, मग पूर्वीच्या जागी आला, पण ज्या दिवशी तो बिघडला त्या दिवशी ती जेवली नाही, आणि आम्हाला वाटलं, परत सुरू झालं. दुसऱ्या दिवशी जेवली. गोळा वीतभर पुढे गेला. कमरेची सुतळी एका जागी थांबली, दंडाची आखूड होत राहिली. सगळं बरं दिसत होतं, फक्त पोरगी रोज वाडीत जात होती. कुंताबाई आल्या आल्या मला एकच सांगायची. "गेली बाई आजबी."

एकदा तिने विचारलं, "मंदाले सांगू का? का राहू देऊ?" पन्नाशी ओलांडलेल्या बाईला, तुझं आयुष्य भुकेमुळे तिथे जाऊन पडलं, हे सांगावं की नाही, कुणी कसं ठरवायचं? ती दोनदा तळेगावच्या गाडीत बसली आणि दोन्ही वेळा मंदाबाईच्या घरी भाजी देऊन, चहा पिऊन परत आली. अजून सांगितलेलं नाही.

होळीच्या आधीची सकाळ. चाचणीची तारीख हातात आली होती. कुंताबाई उशिरा आली. टोपली उतरवली. वांगी होती, पालक होता. सांबार नव्हता.

"सांबार कुठे? अंकिताला काही झालं का?"

ती तोंडाला पदर लावून उभी. शेजारच्या घरातली सूनबाई फाटकाशी आली आणि कुरकुरली, "काकू, सांबार नाई? आज पाहुणे हायेत ना घरी."

"नाई वं माय," कुंताबाई म्हणाली. "तोडाले कोनी नाई. पोरगी आज वाडीत नाई गेली." आणि तिथेच, सूनबाईसमोर, तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. सूनबाईला वाटलं आजारी आहे.

मी त्या दुपारी वाडीवर गेले. अंकिता ओसरीच्या अगदी पुढच्या कडेला बसली होती, बांधावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. मांडीवर परीक्षेचं पुस्तक, शेजारी भाकरीचं ताट, जवसाची चटणी आणि दोन उकडलेली अंडी.

"काय ग," मी म्हटलं, "तू तर हे मानत नव्हतीस. वेल करपतो वगैरे."

"आताबी नाई मानत." तिने अंडं फोडलं. बलक खाली पडू नये म्हणून ओंजळ धरली. "पन मायले दिसलं पाह्यजे ना."

आतून कुंताबाईचा आवाज आला, "अवं, दूध घेतलं का?"

"घेतो माय," ती म्हणाली.